पोचवून आल्यावर

फॉर्ममध्ये 'प्रवासाचं कारण' असा रकाना आहे.
पर्यटन, कामधंदा, नातेवाईक, इतर.
याव अम्पोन्सानं 'इतर'वर खूण केली
आणि शेजारच्या इवल्याशा चौकटीत लिहिलं:
आईला पोचवायला.

ओउलूत दुपारचे तीन वाजलेले, आणि अंधार.
मी स्वयंपाकघरातून दवाखाना चालवते.
कॅमेऱ्याला दिसेल तिथपर्यंत डॉक्टर,
त्याखाली लोकरी मोजे.
तो पुठ्ठ्याच्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत;
मागे कुणीतरी कॉफीचं यंत्र बडवत होतं.

सुन्यानी, म्हणाला. घाना. सोळा दिवस.
नऊ वर्षांची मुलगी बरोबर.
पिवळ्या तापाची लस? त्यानं जुनं कार्ड
पडद्याला जवळजवळ चिकटवलं. शिक्का पुसट, पण चालेल.
मग मी हिवतापाच्या गोळ्यांवर आले
आणि तो हसला,
पोहायला शिकवणाऱ्याला कोळ्यानं हसावं तसा.
डॉक्टरबाई, मी तिथलाच.
तिथल्या डासांनी मला रांगताना पाहिलंय.

एकोणीस वर्षं झाली, मी म्हटलं.
जीभ विसरत नाही, रक्त विसरतं.
तुमची आणि त्यांची ओळख
इथल्या दोन-चार हिवाळ्यांतच पुसली गेली असणार.

यावर तो काही बोलला नाही.
मला वाटलं आवाज गेला,
मी दोनदा विचारलं, ऐकू येतंय का?
येतंय, म्हणाला.

रोज एक. निघायच्या आदल्या दिवसापासून
परतल्यावर सात दिवसांपर्यंत.
मुलीला तिच्या वजनाप्रमाणे.
त्यानं पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून घेतलं,
मोठ्या, सावकाश अक्षरांत.

फेब्रुवारी. रात्रीचे सव्वाअकरा.
बाहेर उणे चोवीस.
पडद्यावर आधी छत, मग पंखा नसलेला दिवा,
मग एफिया. तिनं थर्मामीटर कॅमेऱ्यासमोर धरला.
आकडे धूसर. जवळ आणला, आणखी धूसर.
वाचून दाखव, बाळ.
एकोणचाळीस पूर्णांक आठ.

मागे तीन पांघरुणांखाली तो.
फ्लू आहे, म्हणाला, कारखान्यात सगळ्यांनाच झालाय,
सकाळी सहाची पाळी आहे, फक्त काहीतरी लिहून द्या.
त्याचे दात वाजत होते
आणि माझ्या स्पीकरमधून ते
खिडकीवर गारा पडल्यासारखे ऐकू येत होते.

गोळ्या?
एफियानं बापाकडे पाहिलं.
माझ्या मी घेतल्या, म्हणाली. सगळ्या.

मावशीला ताप होता, तो म्हणाला.
दहाव्याच दिवशी.
लाल-काळं नेसून ती दारात बसलेली,
आईसारखीच बसते ती, एक पाय दुमडून.
पाकीट तिच्या उशाखाली ठेवून आलो.

यावर काय बोलायचं ते मला कुणी शिकवलं नाही.
मी नाडी मोजायला लावली. एफियानं मोजली,
घड्याळ मी धरलं.
डोळ्यांची खालची पापणी ओढून दाखवा. लघवीचा रंग?
इतकंच जमतं इथून.
काचेतून रक्ताचा थेंब काढता येत नाही.

आत्ता निघा, मी म्हटलं. सकाळी नाही.
गाडी मी बोलावतेय.
आणि दारात पहिला शब्द 'ताप' नको, 'घाना' म्हणा.
तापाला ते बाकावर बसवतील.

एफिया त्याला बूट घालत असताना
फोन जमिनीवर पडून राहिला.
बराच वेळ मला फक्त छत दिसत होतं.
मी बंद केलं नाही.

पाचव्या दिवशी त्याचाच फोन, वॉर्डातून.
गाल बसलेले, समोर दह्याची वाटी.
रक्त साफ झालं म्हणतात.
मग, आवाज खाली आणून:
मावशी उठली, बाई. बाजारात जाऊन आली.

फाइल बंद करताना पुन्हा तोच रकाना.
आईला पोचवायला.
खाली 'सल्ला पाळला का' – हो, नाही.
मी दोन्हींवर खूण करून पाहिली. यंत्र घेईना.

जूनमध्ये नदीच्या धक्क्यावर बसले होते,
उजेड मावळायचं नाव नाही.
मनगटावर डास बसला. इथले डास हजारांनी येतात
आणि खाजेशिवाय काही देऊन जात नाहीत.
हात उचलला होता.
त्याचं पोट भरेपर्यंत तसाच राहिला.